गोलकीपर मार्सोचा डावा डोळा

डिसेंबरपासून सोलांज कॉद्रों नवऱ्याच्या, मार्सोच्या, कॉफीचा वाडगा त्याच्या उजव्या हाताशी ठेवू लागली होती. डावीकडे ठेवलेला वाडगा त्याने तीनदा लवंडला होता. पहिल्या दोन वेळा तिने मेजावरचे कापड मुकाट्याने धुतले. तिसऱ्या वेळी मात्र विचारले.

१४ डिसेंबर १९५२ च्या रविवारी, थंडीने दगड झालेल्या फुटबॉलच्या मैदानावर, समोरच्या फॉरवर्डचा गुडघा मार्सोच्या कानशिलावर बसला होता. तो उठला, तोंडावर बर्फ चोळला आणि उरलेला सामना खेळला. आठवड्याभरात त्याच्या डाव्या डोळ्यापुढे बाहेरच्या बाजूने काळा पडदा सरकू लागला. सोलांज त्याला ओढतच शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. डोळ्याच्या आतला पडदा फाटला आहे, डोळा वाचेलच असे नाही, पण खेळ मात्र आजपासून बंद, असे त्यांनी सांगितले. मार्सोने शहाण्यासारखी मान डोलावली आणि ट्रामच्या थांब्यावर येताच म्हणाला, "मेपर्यंत. फक्त मेपर्यंत."

"आणि मेमध्ये काय नवा डोळा उगवणार आहे?"

"मेमध्ये हंगाम संपेल, मग खेळणं सोडून मी प्रशिक्षक व्हायचं बघीन. तोवर कुणाला कळता कामा नये. शपथ घे."

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली. पुढे पाच महिने ती त्या शपथेला मनातल्या मनात शिव्या देत होती, पण मोडली नाही.

वांब्रकूर हे लोकरीचे गाव. मार्सोचा बाप तिथल्या रंगाच्या कारखान्यात खोकत खोकत मेला आणि पंधराव्या वर्षी मार्सो त्याच्याच हौदापाशी उभा राहिला. ओल्या लोकरीच्या जड लडी वरच्या माळ्यावरून खाली फेकल्या जात, त्या त्याने हवेत झेलायच्या आणि निळीत बुडवायच्या. १९३६ मध्ये क्लबच्या चाचणीला तो थेट कामावरून गेला. कोपरापर्यंत निळे हात आणि मऊ बोटे. त्याने झेललेल्या चेंडूवर दहा निळी बोटे उमटली. त्या दिवसापासून गावाने त्याचे नाव 'निळ्या' ठेवले. लग्न अडतीस साली झाले, चाळीस साली तो जर्मनांच्या कैदेत गेला आणि पाच वर्षांनी परत आला तेव्हा सोलांजने त्याला आधी ओळखलेच नाही. हात मात्र ओळखले. पुढची सात वर्षे वांब्रकूरच्या गोलमध्ये दुसरा कुणी उभा राहिला नाही. गुडघा सुजलेला असो की ताप असो, रविवारी पिवळा स्वेटर मार्सोच्याच अंगात.

त्रेपन्नच्या फेब्रुवारीत जुना प्रशिक्षक भांडून निघून गेला. कप्तान मार्सोच होता, त्यामुळे संघ तोच निवडू लागला. क्लबचे अध्यक्ष देलव्हाल साहेब लोकरीचे व्यापारी होते, मोजके बोलणारे. त्यांनी सरळ सांगितले, "या विभागात टिकलो, तर ऑगस्टपासून प्रशिक्षक तू. खाली घसरलो, तर व्यावसायिक संघ बंद. मग प्रशिक्षक ठेवून काय करू?" म्हणजे पुन्हा हौद. मार्सोला छत्तिसावे लागले होते आणि या दोन्हींशिवाय त्याला दुसरे काही येत नव्हते.

शेवटचा सामना १७ मे, रविवारी, घरच्या मैदानावर होता. दक्षिणेकडच्या बंदरावरचा संघ येणार होता. बरोबरी झाली तरी वांब्रकूर टिकणार होते.

त्या सकाळी मार्सोने वाडग्यात पाव बुडवला आणि तो तसाच विरघळू दिला.

"अजून वेळ आहे," सोलांज म्हणाली. "खांदा धरलाय म्हणून सांग."

"आणि गोलमध्ये कोण उभं राहणार? तुझी आई?"

"राखीव पोरगा?"

"तो मार्चमध्ये लष्करात गेला. आता तिथे बटाटे सोलतोय." त्याने तिच्याकडे पाहण्यासाठी अख्खी मान वळवली. हल्ली तो असेच करीत असे. "नव्वद मिनिटं, सोलांज. इतके दिवस काढले, आता नव्वद मिनिटं."

"आणि एमीलचं काय?"

मार्सो उठला आणि बुटांना चरबी चोळू लागला. 

एमील हा संघाचा डावा बचावपटू, चोवीस वर्षांचा, तापट आणि जीव तोडून धावणारा. जानेवारीपासून वांब्रकूरवर डाव्या बाजूने एकामागून एक गोल होत होते, आणि डावी बाजू म्हणजे एमील, असे गावाने ठरवून टाकले होते. त्याच्या नावाने लोक खडू घेऊन भिंतींवर उघडी दारे काढत. त्याच्या नव्या नवरीने सामन्यांना येणे सोडले. पाववाल्याच्या दुकानात एक म्हातारी त्याला म्हणाली होती, "बाबा रे, निळ्यासारखा देवमाणूस मागे उभा असताना तू का रे असा?" त्या वेळी सोलांज रांगेत मागेच उभी होती. तिने पिशवीतला पाव उगीचच वर-खाली केला होता.

सामना तीन वाजता सुरू झाला. सोलांज नेहमीप्रमाणे गिरणीतल्या बायकांबरोबर गोलच्या मागच्या बाकावर बसली होती. शेजारी फेर्नांद होती. तिचे तोंड गिरणीतल्या यंत्रांपेक्षा मोठे चालत असे.

शिट्टी होण्यापूर्वी मार्सोने आपली रेघ आखली. त्या काळचे सगळेच गोलकीपर ती आखत: दोन खांबांच्या बरोबर मधून, बुटाच्या टाचेने माती उकरत, पेनल्टीच्या ठिपक्याच्या दिशेने. चेंडूकडे बघत पुढे-मागे होताना पाठीमागचा गोल दिसत नाही. पायाखालची रेघ दिसते. रेफ्री नाराज होत, पण चालवून घेत. मार्सो खांबाला पाठ लावून पावले मोजी, मध्यावर येई आणि बारा वेळा टाच ओढी.

त्या दिवशी त्याने टाच ओढली आणि सोलांज बाकावरून अर्धी उठली.

ती गिरणीत रफू करणारी होती. विणून आलेला तागा खिडकीच्या उजेडात टेबलावर पसरायचा, बोटांनी आणि डोळ्यांनी त्यातली खोट शोधायची, सुटलेला धागा सुईने असा भरायचा की विणणाऱ्यालाही कळू नये. एकोणीस वर्षे ती हेच करीत होती. वाकडा धागा तिला शोधावा लागत नसे, तो तिला टोचत असे. आणि ही रेघ वाकडी नव्हती, सरळच होती. फक्त चांगली एक वीत उजवीकडे होती. डावा खांब त्याला धड दिसला नव्हता, आणि त्याने तो होता त्याहून जवळ धरला होता.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस," फेर्नांद म्हणाली.

"काही नाही. वारा आहे."

एकविसाव्या मिनिटाला वांब्रकूरने गोल केला आणि बाक मोडेल की काय अशा उड्या पडल्या. सोलांज टाळ्या वाजवत होती आणि डोळे त्या रेघेवर होते. चौतिसाव्या मिनिटाला समोरचा टकला फॉरवर्ड बार्तोली एमीलला चुकवून आत घुसला. मार्सो पुढे आला, अगदी रेघेवरून, नियमाप्रमाणे. त्याच्या डाव्या हाताला हातभर फट राहिली. बार्तोलीने चेंडू नुसता सरकवला. मार्सोने झेप घेतली तेव्हा चेंडू जाळीत शांत झाला होता.

"दार लावा रे त्या एमीलचं!" फेर्नांद किंचाळली. "अरे, पाहुण्यांना कॉफीपण पाज की!"

सगळा बाक हसला. एमील कमरेवर हात ठेवून खाली मान घालून उभा होता. मार्सो चेंडू जाळीतून काढत होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता.

मध्यंतराची शिट्टी होताच सोलांज उठली.

खेळाडूंची खोली म्हणजे विटांची एक लांबट शेड. बायकांना तिथे मज्जाव होता. पण मागच्या बोळात न्हाणीघराची एक छोटी खिडकी उघडत असे. सोलांजने अंगठीने काच वाजवली. दोनदा, मग तिसऱ्यांदा जोरात. खिडकी उघडली. मार्सोच्या तोंडावरून पाणी निथळत होते.

"इथे कशाला आलीस? कुणी बघेल."

"तुझी रेघ चुकलीय."

"काय?"

"एक वीत उजवीकडे आहे. गोल त्याच वितीतून गेला."

"पावलं मोजून आखलीय मी."

"मोजली असशील. पण चुकली. मार्सो, मी रोज चाळीस मीटर कापड डोळ्यांखालून घालते. मला सरळ-वाकडं शिकवू नकोस."

आतून कुणीतरी ओरडले, "कप्तान, लिंबू घ्या!" मार्सोने मागे वळून "आलो" म्हटले आणि पुन्हा खिडकीशी आला. त्याचा आवाज खाली गेला होता.

"आता पलीकडचा गोल आहे. तिथे नीट आखीन."

"तिथेही तशीच आखशील. खांब दिसतोय का तुला? खरं सांग. दिसतोय?"

त्याने बाहीने तोंड पुसले.

"स्वेटर सिरिलला दे."

"सिरिल सेंटर हाफ आहे, बाई! आयुष्यात गोलमध्ये उभा राहिला नाहीये. वळायला त्याला अर्धा दिवस लागतो."

"दोन डोळे आहेत त्याला."

"शपथ घेतलीयस तू."

"घेतलीय ना. म्हणून तुलाच सांगायला आले. त्यांना सांगायचं असतं तर पुढच्या दाराने गेले असते."

त्याने खिडकी लावून घेतली. आदळली नाही, हळूच लावली. सोलांज बोळातून निघाली आणि गर्दीबरोबर मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे जाऊन उभी राहिली. तो काय करणार, हे तिला तेव्हाही कळले नव्हते.

मग संघ बाहेर आला आणि पिवळा स्वेटर सिरिलच्या अंगात होता.

सिरिल सीमेपलीकडचा फ्लेमिश, दाराएवढा रुंद, बोलायला आणि वळायला सारखाच सावकाश. स्वेटर त्याच्या पोटावर चढला होता. मार्सो त्याची लाल जर्सी घालून डाव्या कडेला गेला, अगदी चुन्याच्या रेषेला चिकटून. तिथे का, हे फक्त सोलांजला कळले. त्याच्या डाव्या हाताला आता फक्त प्रेक्षक होते. जे काही घडेल ते उजवीकडेच घडणार होते.

"अगं, तुझ्या नवऱ्याला झालं काय?" फेर्नांद धापा टाकत मागोमाग आली होती.

"खांदा धरलाय."

"आणि म्हणून तो बैल गोलमध्ये? बाई बाई, बाहुलीचं झबलं घातल्यासारखा दिसतोय!"

बावन्नाव्या मिनिटाला एक उंच, अलगद चेंडू गोलसमोर आला. सिरिल दोन पावले पुढे आला, वर पाहिले आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि शिट्टी झाली.

रेफ्री चालत आला. बारीक, नियमावर बोट ठेवणारा माणूस. त्याने बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडे केले.

क्षणभर कुणालाच काही समजले नाही. मग जुन्या लोकांना समजले आणि गोलमागून एक लांब कण्हणे उठले. त्या वेळी बदली खेळाडू नसत. गोलकीपर जायबंदी झाला तर संघातलाच कुणीतरी त्याची जागा घेई. पण तसे रेफ्रीला आधी सांगावे लागे. न सांगता जागा बदलली आणि नव्याने चेंडूला हात लावला, तर तो गोलकीपर नव्हेच. हाताने चेंडू अडवणारा साधा खेळाडू. शिक्षा पेनल्टी.

सांगायचे काम कप्तानाचे. आत काय झाले ते सोलांजला नंतर कळले. मार्सोने स्वेटर काढला, खांदा दुखतोय म्हणाला, आणि दहा जणांच्या डोळ्यांत बघवेना म्हणून तोंड धुवायला पुन्हा न्हाणीघरात गेला. जाता जाता म्हणाला, "रेफ्रीला सांगून टाका कुणीतरी." सिरिलला वाटले एमील सांगेल, एमीलला वाटले अशा गोष्टी कप्तानच सांगतो, आणि कप्तान खोटे बोलून इतका ओशाळला होता की बाहेर येताना त्याने रेफ्रीकडे पाहिलेच नाही.

"निळ्या! निळ्या!" आता सगळे मैदान ओरडू लागले. पेनल्टीला मार्सोच गोलमध्ये हवा होता. खांदा असो, नसो. सिरिलने तर स्वेटर डोक्यातून काढलाही होता. तो मार्सोसमोर धरून उभा होता.

मार्सोने स्वेटर हातात घेतला.

सोलांजला ओरडायचे होते. तिने दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला. बार्तोलीने चेंडू ठिपक्यावर ठेवला, कमरेवर हात घेतले आणि म्हणाला, "काय आजोबा, येताय का मी घरी जाऊन येऊ?"

मार्सो गोलच्या मध्यावर गेला. आधी उजवा खांब पाहिला. मग डावा पाहण्यासाठी मान वळवली, आणखी वळवली, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत वळवली. हजारो लोक पाहत होते आणि त्यांना वाटत होते, दुखरा खांदा सैल करतोय. त्याला असे मान वळवताना सोलांज पाच महिने जेवणाच्या मेजावर पाहत आली होती. आता तो सगळ्यांदेखत करीत होता.

मग तो सिरिलकडे गेला आणि स्वेटर त्याच्या छातीवर दाबला.

"घाल."

"मी? कप्तान, वेड लागलंय का?"

"ऐक. चार वेळा याची पेनल्टी माझ्यासमोर झालीय. हा धावत येतो आणि गोलकीपर कुठे झुकतो ते बघतो. मग दुसरीकडे मारतो. स्वतःचं काही ठरवून येतच नाही. तू हलायचं नाही. पाय, हात, पापणीसुद्धा नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. जन्मभर सगळे तुला मंद म्हणतात ना? आज अर्धा मिनिट मंद रहा. बाकीचं तो करील."

गोलमागच्या पहिल्या रांगेला हे सगळे ऐकू आले. मग मार्सो रेफ्रीसमोर जाऊन उभा राहिला आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गोलकीपर हा आहे. सिरिल. मी तुम्हाला सांगितलंय. हवं तर लिहून घ्या."

लोक आता त्याच्यावरच उलटले. "घाबरला! निळ्या घाबरला!" फेर्नांदही ओरडली, मग सोलांजकडे बघून गप्प झाली.

बार्तोली धावत आला. सिरिल उभा होता, गोठ्यात बांधल्यासारखा. बार्तोलीने एक पाऊल लहान टाकले, वाट पाहिली, दुसरे टाकले. समोर काहीच हलेना. शेवटच्या क्षणी त्याचा पाय गोंधळला आणि चेंडू सरळ, ना जोराचा ना हळू, सिरिलच्या पोटावर येऊन आदळला. सिरिल त्याच्यावर कोसळला आणि उठेचना. तीन जणांना त्याला ओढून काढावे लागले.

मार्सोने दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि कितीतरी वेळ तसेच ठेवले.

सामना एक-एक असा सुटला.

मंगळवारी संध्याकाळी नाक्यावरच्या गुत्त्याच्या आतल्या खोलीत क्लबची समिती बसली. सोलांज बाहेर शेगडीपाशी होती. दार किलकिले होते.

"खांदा कसा आहे?" देलव्हाल साहेबांनी विचारले.

"बरा आहे, साहेब."

"रविवारीही बराच बरा होता. दोन्ही हात आभाळाला लावलेस." कुणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. "कोणता खांदा म्हणालास?"

"डावा."

"मला तर तू उजवा म्हणालास," पाववाला ओब्री म्हणाला. तो क्लबचा चिटणीस होता. "मध्यंतरात मी तिथेच होतो."

बाहेर सोलांजने कॉफीचा वाडगा खाली ठेवला.  मग मार्सोचा आवाज आला, सपाट, जणू दुसऱ्याच कुणाचा हिशेब वाचून दाखवत होता. १४ डिसेंबर, गुडघा, डॉक्टर, पडदा.

"म्हणजे पाच महिने आम्ही एका डोळ्याच्या माणसावर गाव टांगलं होतं!" ओब्री ओरडला.

"डावीकडून किती गोल गेले?" साहेबांनी विचारले.

"सात."

"मोजलेस?"

"रोज मोजतो."

"आणि एमीलला शिव्या पडत होत्या, त्या मोजल्यास?"

मार्सोने डोक्यावरची टोपी काढली.

"याच्या बायकोला आत बोलवा."

सोलांज आत गेली. तिला कुणी बसायला सांगितले नाही.

"बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, साहेब."

"आणि गप्प राहिलात."

"शपथ होती."

"रविवारी मध्यंतरात तुम्ही बोळात होतात. लोकांनी पाहिलंय."

"रेघ चुकली होती. सांगायला गेले होते."

साहेबांनी मार्सोकडे पाहिले. "तिनं सांगितलं म्हणून स्वेटर काढलास. नसतं सांगितलं तर?"

सोलांजला वाटले, आता हा म्हणेल, काढलाच असता. ती असती तर तसेच म्हणाली असती. मार्सोने टोपी हातात फिरवली.

"नसता काढला," तो म्हणाला.

ओब्रीने हात उडवले. "घ्या! आता याला प्रशिक्षक करा!"

"पेनल्टीच्या वेळी तर तिनं काही सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले. "तेव्हा तो एकटाच होता." त्यांनी चष्मा पुसला. बाकीच्यांकडे न बघता बोलू लागले. "३ ऑगस्टला सराव सुरू होईल. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू स्वतः सांगायचं. डोळा, सात गोल, सगळं. आम्ही कुणी तोंड उघडणार नाही. तुझं ऐकून एक जरी पोरगा मैदान सोडून गेला, तर तू प्रशिक्षक नाहीस. मग हौद आहेच."

"एक जरी?" सोलांजच्या तोंडून निघून गेले.

"एक जरी, बाई. आणि कोण जाईल ते तुम्हालाही ठाऊक आहे."

जून गेला, जुलै गेला. मार्सोने एमीलला गाठून आधीच सांगावे असे सोलांजला वाटे. एकदा तसे तो निघालाही. एमीलच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. म्हणाला, "त्याच्या एकट्याच्या कानात सांगितलं, तर तीही लपवाछपवीच झाली. शिव्या चारचौघांत पडल्यात." तिला ते पटले, आणि पटले म्हणूनच झोप उडाली.

३ ऑगस्टला सोमवार होता. रफूच्या खोलीच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला होत्या आणि खाली, भिंतीपलीकडे, सरावाचे मैदान दिसे. सोलांजपुढे करड्या कापडाचा तागा पसरला होता. साडेनऊला ते आले. चौदा जण अर्ध्या गोलात गवतावर बसले. मार्सो उभा राहिला. ऐकू काहीच येत नव्हते. त्याचा हात डाव्या डोळ्याकडे गेला, खाली आला. मग तो बोटे मोजू लागला. एक, दोन, तीन. प्रत्येक बोटाला एका गावाचे नाव असणार. पाचव्या बोटाला एमील उठून उभा राहिला. मार्सो थांबला नाही. सहा. सात.

एमील वळला आणि फाटकाकडे चालू लागला.

"सोलांज!" खोलीच्या मुकादमीण बाईंनी हाक मारली. "खोट टेबलावर शोधायची, खिडकीत नाही."

"हो, बाई," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. तो ओवला जाईना. तिने पुन्हा मान वर केली तेव्हा एमील फाटकापाशी नव्हता. फाटक उघडे होते. मार्सो त्या उघड्या फाटकाकडे बघत उभा होता, हात खाली सोडून, आणि चौदापैकी तेरा जण बसलेले होते.

तिने सुई कापडात टोचून ठेवली.

मग तिला भिंतीच्या कडेने काहीतरी हलताना दिसले. एमील होता. फाटकापर्यंत जाऊन तो भिंतीला धरून धरून, अख्ख्या मैदानाला वळसा घालून परत येत होता. तो मार्सोच्या डाव्या बाजूने आला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. तेरा जणांना तो दिसत होता. सोलांजला दुसऱ्या मजल्यावरून दिसत होता. मार्सोला दिसत नव्हता. तो अजून फाटकाकडेच बघत होता.

एमील तसाच उभा राहिला. एक मिनिट, कदाचित जास्त. खरेच दिसत नाही ना, हे त्याला पाहायचे असावे. शेवटी तो काहीतरी बोलला आणि मार्सोने दचकून अख्खी मान वळवली.

"काय म्हणाला तो?" संध्याकाळी सोलांजने विचारले.

मार्सो बुटांची माती काढत होता. "म्हणाला, सात नाही, आठ. एप्रिलमधला तो पावसातला गोलही तुझाच होता, तो मोजायचा विसरलास."

"होता का?"

"होता." तो बराच वेळ बूट घासत राहिला. "मला वाटलं होतं, तो तरी त्याचा आहे."

मार्सो वांब्रकूरमध्ये अकरा वर्षे प्रशिक्षक राहिला आणि नंतर आणखी दोन गावांत सात वर्षे. दर ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, ओळख-पाळख होण्याच्या आधी, तो नव्या पोरांसमोर उभा राहून बोटे मोजी. नंतरच्या गावांतल्या पोरांना त्या गोलांशी काही देणे-घेणे नव्हते. ती एकमेकांना कोपर मारून हसत. तो हसू देई आणि आठव्या बोटापर्यंत जाई.